जवस निळाच होता

प्रल्हाद,

तुझ्या शोकसभेत मी सहा मिनिटे बोललो. वीज कंपनीतील तुझी नोकरी, लाइनमन म्हणून तुझा लौकिक, आपल्या छायाचित्र मंडळातील तुझा सहभाग, एवढे सांगितले आणि खाली बसलो. लोक म्हणाले, मास्तर मोजके बोलले, पण नेमके बोलले. मोजके होते हे खरे. नेमके नव्हते. जे सांगणे आवश्यक होते ते घशापर्यंत आले होते. मी समोरचा पेला उचलला, पाणी प्यालो आणि ते खाली ढकलले.

म्हणून आता लिहितो. मंडळाच्या वार्षिक अंकात हे छापून येईल. दोन वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनाला सभागृहात जे हजर होते, ते सर्व जण हा अंक घेतात. ते वाचतील. तू वाचणार नाहीस. या लेखातील मुख्य दोष हाच आहे, आणि तो दुरुस्त होण्यासारखा राहिलेला नाही.

तुझी माझी ओळख खांबाखाली झाली. वाशीमजवळच्या आपल्या मालेगावात माझ्या घरासमोरच्या खांबावर तू चढला होतास. तारेवर कोतवाल पक्षी बसला होता आणि मी अंगणात तिपाई लावून त्याच्यावर कॅमेरा रोखला होता. तुझे डोके मध्ये येत होते. मी चित्रकलेचा शिक्षक, वर्गात ओरडायची सवय. तसाच ओरडलो, "अहो, बाजूला व्हा."

तू वरून पाहिलेस. म्हणालास, "मास्तर, पक्षी तं माह्या अंगाले तोंड करून बसला हाय. तुमाले खालून त्याची पाठच दिसून राह्यली. वर येता काय?"

मला राग आला. तो पक्षी उडून गेला. तू खाली उतरलास, हात पुसलेस आणि कॅमेऱ्यातून पाहू देण्याची परवानगी मागितलीस. मी दिली. का दिली ते सांगता येत नाही. तू व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बराच वेळ उभा राहिलास आणि म्हणालास, "याच्यातून पाह्यलं की बाकी सारं बंद होऊन जाते न मास्तर." माझ्या विद्यार्थ्यांना मी हीच गोष्ट वर्षभर शिकवीत असे. तुला ती न शिकवता कळली होती. तुला तसे मी सांगितले नाही. आज सांगतो.

पुढे तुला स्वतःचा कॅमेरा हवा झाला. मी फुलस्केप कागदावर सात निकष लिहून दिले. लेन्स बदलता आली पाहिजे. व्ह्यूफाइंडर पाहिजेच. लेन्सच्या तोंडाला आटे पाहिजेत, म्हणजे फिल्टर बसवता येतो. असे सात. तो कागद घेऊन आपण एसटीने अकोल्याला गेलो. दुकानदाराने माझ्या निकषांत बसणारे तीन कॅमेरे काचेवर मांडले. तू ते हातात घेतलेस, वजन पाहिलेस आणि परत ठेवलेस. मग कोपऱ्यातल्या एका लहानशा कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याकडे बोट दाखवलेस. तो शर्टाच्या खिशात टाकलास. काढलास. पुन्हा टाकलास. उजवा हात पाठीमागे धरून नुसत्या डाव्या हाताने काढून पाहिलास. असे तू दहा-बारा वेळा केलेस. दुकानातली गिऱ्हाइके पाहू लागली.

"हे काय चालवले आहेस?" मी विचारले.

"एका हातानं खांब धरा लागते मास्तर. कॅमेऱ्यासाठी दुसराच उरते."

"याला आटे नाहीत. फिल्टर बसणार नाही."

"नाई बसला तं नाई बसला. मी बसतो न खांबावर, तेवढं पुरे हाय."

दुकानदार हसला. मी हसलो नाही. परतीच्या गाडीत मालेगावपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. तू मात्र खिडकीतून फोटो काढत होतास आणि प्रत्येक फोटो मला दाखवत होतास. माझे सात निकष माझ्यासाठी होते. तुझ्यासाठी एकच होता, आणि तो तुझ्या कामातून आला होता. कॅमेरा निवडताना माणसाने आपले हात कुठे असतात हे आधी पाहावे, एवढी साधी गोष्ट मी तुझ्याकडून शिकलो आणि नंतर इतरांना स्वतःची म्हणून सांगत राहिलो.

फिल्टरवरून आपला वाद शेवटपर्यंत मिटला नाही. माझी सागवानी पेटी तुला ठाऊक होती. फिल्मच्या काळापासून जमवलेले एकवीस फिल्टर तिच्यात आहेत. पिवळा, नारिंगी, तांबडा, निळा, उन्हाची ऊब वाढवणारा फिकट बदामी, पाण्यावरची चमक काढणारा पोलरायझर. प्रत्येक फिल्टर बटरपेपरात गुंडाळायचा, कडेला डिंकाची पट्टी लावायची आणि वर नाव लिहायचे, ही माझी पद्धत. तू पेटी उघडलीस की म्हणायचास, "मास्तर, हे तं मिठाईचं दुकान हाय."

आणि मग वाद. तुझे म्हणणे असे की, डोळ्याला जे दिसते तेच फोटोत आले पाहिजे. मध्ये रंगीत काच कशाला? मी म्हणायचो, डोळा आणि कॅमेरा सारखे पाहत नाहीत, कॅमेऱ्याला मदत करावी लागते. तू म्हणायचास, "पन डोयाले दिसते तेच खरं न?" एकदा मी तुला विचारले, "कोणाच्या डोळ्याला, प्रल्हाद?" तू पेटी बंद केलीस. वाद जिंकल्याच्या समाधानात मी चहा घेतला. त्या प्रश्नाचे उत्तर मी स्वतःला कधी विचारले नाही.

तरीही तू पोलरायझर मागून नेलास. आटे नसलेल्या कॅमेऱ्यापुढे तो चिमटीत धरून फोटो काढू लागलास. फोटोच्या कोपऱ्यात तुझा अंगठा यायचा. केनवडच्या बाजाराचा फोटो, कोपऱ्यात अंगठा. शिरपूरच्या मंदिराचे शिखर, कोपऱ्यात अंगठा. मी प्रत्येक वेळी लाल पेनने त्या अंगठ्याभोवती गोल काढून फोटो परत करीत असे. तू तो गोल पाहून हसायचास. म्हणायचास, "बरं झालं, अंगठ्यावर सही झाली."

आता त्या फोटोकडे येतो.

आपल्या मंडळाचे प्रदर्शन दर प्रजासत्ताक दिनाला शाळेच्या सभागृहात भरते. परीक्षक मी. अनेक वर्षे एकटाच. निसर्ग विभागाचा नियम मीच केला होता. रंगीत फिल्टर चालणार नाही, संगणकावर रंग बदललेले चालणार नाहीत. त्या वर्षी तू जवसाच्या वावराचा फोटो दिलास. शिरपूरच्या रस्त्यावरचे शेत. सकाळची वेळ, जमिनीलगत धरलेला कॅमेरा, पुढे फुलांची दाटी आणि मागे हरभऱ्याचा हिरवा पट्टा. मी प्रिंट हातात घेतला. मला त्याचा रंग विचित्र वाटला. फुले कुठेतरी निळसर, कुठेतरी मळकट अशी दिसत होती, आणि त्या दोन्हींत मला बनावट दिसली. त्याच महिन्यात माझी फिल्टरची पेटी तू महिनाभर नेलेली होतीस. तिच्यात निळा फिल्टर होता. मी दोन्ही गोष्टी जोडल्या. प्रिंट उलटा केला आणि पाठीमागे लिहिले, "रंग कृत्रिम. अमान्य." खाली सही केली.

पेटी तू चार दिवस आधीच परत केली होतीस. ती माझ्या कपाटात होती. मी ती उघडून पाहिली नाही.

सभागृहात सगळे जमले असताना तू विचारलेस, "मास्तर, माह्या फोटोले काहून लावलं नाई?"

मी म्हणालो, "जवसाचे फूल पांढुरके असते. निळ्याची फक्त झाक असते. हा रंग तू घातलेला आहेस."

"काहीच घातलं नाई मास्तर. नुसताच कॅमेरा धरला."

"प्रल्हाद, तीस वर्षे मी मुलांना रंगचक्र शिकवले आहे. मला खोटा रंग कळतो."

'खोटा' हा शब्द मी रंगासाठी वापरला होता, तो तुला लागला. ते मला तेव्हाही दिसले होते. तू कोणावर आवाज चढवला नाहीस. एवढेच म्हणालास, "वावर तं कुठं पयून गेलं नाई. उद्या सकायी चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तुझ्या मोटारसायकलवरून आपण गेलो. जवसाचे फूल दुपारी गळते, म्हणून तू घाई करत होतास. आपण बांधावर उभे राहिलो. मी वावराकडे पाहिले. मला राखाडी दिसले. पांढुरके, राखाडी, धुरकट. मी म्हणालो, "बघ. आहे का निळे?"

तू वावराकडे पाहिलेस. मग माझ्याकडे पाहिलेस. माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या डोळ्यांकडे. बराच वेळ. मग खाली बसलास, एक फूल खुडलेस आणि माझ्या तळहातावर ठेवलेस. मी ते निरखून पाहिले आणि म्हणालो, "पांढुरके."

तू म्हणालास, "असन मास्तर. माह्या कॅमेऱ्याचाच काही दोष असन."

या वाक्याचा मी जो उपयोग केला तोही लिहितो. त्याच संध्याकाळी मंडळाच्या चार सभासदांना मी सांगितले की, प्रल्हादने वावरात उभे राहून कबूल केले. 'कबूल केले' हे माझे शब्द आहेत. त्यांनी ते पुढे सांगितले. मालेगाव लहान आहे.

त्यानंतर तू मला फोटो दाखवणे बंद केलेस. चहाला येत राहिलास. शर्टाचा खिसा तसाच फुगलेला असायचा, पण तू त्यात हात घालत नव्हतास आणि मी विचारत नव्हतो. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनाला तू एकही फोटो दिला नाहीस. मी त्याचा अर्थ काढला की, तुला शिस्त लागली.

एक गोष्ट मात्र तू बोलत राहिलास. "मास्तर, डोये दाखवून घ्या एकदा." मी उडवून लावले. काही दिवसांनी माझे नवे प्रिंट पाहून म्हणालास, "तुमचे फोटो थंडे होऊन राह्यले मास्तर. सारं निळं निळं येते." प्रिंट पिवळे दिसतात म्हणून निळा मीच वाढवून घेत होतो, तरी मी म्हणालो, वाशीमच्या लॅबवाल्याला रंग कळत नाही. तू म्हणालास, "लॅबवाल्याचं सोडा. डोये दाखवा." तेव्हा मी तुला सुनावले की, माझ्या डोळ्यांची चौकशी लाइनमनने करू नये. हे वाक्य मी जसेच्या तसे देतो आहे. तू उठलास, पेला मोरीत ठेवलास आणि म्हणालास, "येतो मास्तर." तिसऱ्या दिवशी पुन्हा आलास, जणू काही झालेच नव्हते.

शेवटी बँकेच्या पायरीवर मी पडलो, तेव्हा जावेच लागले. अकोल्याच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, उजवा जास्त पिकलेला. ते म्हणाले, "मोतीबिंदू वाढत जातो तसतसे डोळ्यापुढे पिवळे भिंग आल्यासारखे होते. निळा रंग आधी जातो. हळूहळू जातो म्हणून माणसाला कळत नाही. तुम्ही तर फोटो काढता म्हणे, तुम्हाला कसे कळले नाही?" तू माझ्या शेजारी बसला होतास. माझ्या मांडीवर माझी पिशवी होती, तिचा पट्टा तू सरळ करत राहिलास. त्या वेळी तुला हवे ते बोलता आले असते. डॉक्टरांनी तुझी बाजू मांडून ठेवली होती. तू फक्त विचारलेस, "ऑपरेशन कवा करता साहेब?"

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर चौथ्या दिवशी, घरात कोणी नसताना, मी कपाट उघडले. बाद झालेले प्रिंट मंडळाचे दप्तर म्हणून माझ्याकडेच राहतात. तू तो फोटो कधी परत मागितला नव्हतास. मी तो खिडकीपाशी नेला.

जवस निळा होता.

दुसरे काही लिहिता येत नाही. सकाळच्या आभाळाचा, पातळ, थंड, स्वच्छ निळा. पाकळीवरच्या शिरा त्याहून गडद. मळकटपणा कुठेच नव्हता. मी डावा डोळा झाकून पाहिले, निळा. उजवा झाकला, तर तीच फुले मळकट, राखाडी. पुन्हा उजव्याने पाहिले. असे किती वेळ केले ते आठवत नाही. मग सागवानी पेटी काढली. निळ्या फिल्टरचा बटरपेपर हातात घेतला. त्यावरची माझी डिंकाची पट्टी अखंड होती. पिवळी पडली होती, पण कोणी ती उचकटलेली नव्हती. तू तो फिल्टर उघडूनसुद्धा पाहिला नव्हतास. ज्या पुराव्यावर मी तुला दोषी ठरवले, तो पुरावा दोन वर्षे माझ्याच कपाटात, माझ्याच डिंकाने बंद होता.

त्याच संध्याकाळी तू आलास. डोळ्यात औषध घालायचे काम तू स्वतःकडे घेतले होतेस. रोज सकाळ-संध्याकाळ यायचास, हात साबणाने दोनदा धुवायचास, माझे डोके मागे टेकवायचास आणि म्हणायचास, "वर पाहा मास्तर. पंख्याकडं पाहा." तुझा अंगठा माझ्या खालच्या पापणीवर असायचा. तोच अंगठा, ज्याच्याभोवती मी लाल गोल काढत असे.

औषध घालून झाल्यावर तू विचारलेस, "कसं दिसते आता?"

मी म्हणालो, "ठीक."

तू बाटलीचे बूच लावलेस. थोडा थांबलास. "रंग बरोबर दिसते न?"

"दिसतात."

तू आणखी थोडा थांबलास. मग म्हणालास, "बेस झालं," आणि गेलास.

महिनाभर हे रोज झाले. तू विचारायचास आणि थांबायचास. त्या थांबण्यात तू मला जागा करून देत होतास, हे न कळण्याइतका मी मूर्ख नाही. मला ते कळत होते. प्रत्येक वेळी मी ठरवायचो आणि प्रत्येक वेळी पंख्याकडे पाहत राहायचो.

मी स्वतःची समजूत घातली होती. घरात बसून बोलायचे नाही. ज्या वावरात मी चुकलो, तिथेच उभे राहून सांगायचे. तुला बोलवायचे, बांधावर उभे करायचे आणि म्हणायचे, निळा आहे. म्हणजे जास्त बोलावे लागणार नाही. मी शिरपूरच्या रस्त्याला जाऊन आलो. त्या वावरात यंदा हरभरा होता. जवस आता फार कोणी पेरत नाही. शोधत शोधत केनवडपर्यंत गेलो, तेव्हा एका बांधाच्या कडेला दोन पट्ट्या सापडल्या. शेतकऱ्याने विचारले, "कायले पाहून राह्यले बाबूजी? घ्यायचा हाय काय?" मी म्हणालो, "फुले केव्हा येतील?" तो म्हणाला, "पंधरा-वीस दिवस." मी पंधरा-वीस दिवस थांबायचे ठरवले. हे मला नीटनेटके वाटले. तुझ्यासमोर 'चुकलो' हा शब्द उच्चारण्यापेक्षा वीस दिवस थांबणे मला सोपे वाटले, हे त्यातले खरे कारण.

फुले लागली असा निरोप आला. मी रविवार ठरवला. तुला नुसते म्हणालो, "रविवारी सकाळी मोकळा राहा. केनवडला जायचे आहे." तू विचारलेस, "कॅमेरा घेऊ काय?" मी म्हणालो, "घे." दोन वर्षांत पहिल्यांदा मी तुला कॅमेरा घे म्हणालो होतो. तुझा चेहरा मी पाहिला, उजव्या डोळ्याने, स्पष्ट.

गुरुवारी पहाटे तू गेलास. छातीत कळ आली आणि वाशीमला नेईपर्यंत सगळे संपले होते.

रविवारी मी केनवडला गेलो. बसने गेलो, आठच्या सुमारास वावरात पोचलो. जवस फुलला होता. मी बांधावर उभा राहून म्हणालो, "निळा आहे." ऐकायला कोणी नव्हते. शेतकरी लांब होता. बारा वाजेपर्यंत बहुतेक पाकळ्या मातीत पडल्या. मग परत आलो.

तेराव्यानंतर तुझ्या पत्नीने, शांताबाईंनी, मला बोलावले. त्यांनी तुझा कॅमेरा माझ्या हातात ठेवला. "तुमीच ठेवा मास्तर. दोन वर्साचे फोटो हायेत त्याच्यात. कोनाले दाखवले नाई त्याईनं."

मी म्हणालो, "शांताबाई, जवसाच्या फोटोबद्दल मला तुम्हाला काही सांगायचे आहे."

त्या म्हणाल्या, "मले माहीत हाय. वावरातून आले त्याच दिवशी सांगतलं मले त्याईनं. म्हने, मास्तराचे डोये गेले. फूल हातावर ठेवलं तं पांढरं म्हनून राह्यले."

"मग त्याने सगळ्यांसमोर सांगितले का नाही?"

"मी बी मंग एक दिवस तेच म्हनलं. लोक तुमाले लबाड म्हनून राह्यले अन् तुमी गप काहून? तं म्हने, मास्तराजवळ दुसरं काय हाय? रंग अन् फोटो. ते बी दिसत नाई असं चारचौघात सांगू काय? म्हने, मी लबाड झालो तं काय बिघडते, मी तं लाइनमन हाओ."

'लाइनमन' हा माझा शब्द तू मला परत केला नव्हतास. घरी नेऊन ठेवला होतास. मी शांताबाईंच्या पायांकडे वाकू लागलो, तेव्हा त्यांनी मला दंडाला धरून थांबवले. "हे नाटक नका करू मास्तर. चहा घ्या."

कॅमेऱ्यातले फोटो दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर पाहावेत, असे एकदा मनात आले. दोन्ही डोळ्यांनी पाहणे योग्य, वगैरे. मग लक्षात आले की, हीच ती वीस दिवसांची सवय. त्याच संध्याकाळी पाहिले. चारशेहून अधिक फोटो. तारा, चिमण्या, मळणीचा धुरळा, डबक्यातले आभाळ. जवळजवळ निम्म्या फोटोंत कोपऱ्यात अंगठा. पोलरायझर तू परत केलाच नव्हतास, आणि मीही कधी मागितला नव्हता. तो कॅमेऱ्याच्या पिशवीत, माझ्याच बटरपेपरात होता. त्याची पट्टी मात्र इतक्या वेळा उघडली-लावली होती की तिला डिंक उरला नव्हता.

यंदाच्या प्रदर्शनात त्यांतले बारा फोटो मी लावले. अंगठा कापलेला नाही.

आणि जवसाचा फोटो लावला. तो भिंतीवर न लावता मी सभागृहाच्या मधोमध दोरीला टांगला. दोन्ही बाजू दिसाव्यात, हा हेतू. पाठीवर माझा शेरा होता, "रंग कृत्रिम. अमान्य." खाली मी नव्याने लिहिले, "परीक्षकाची दृष्टी सदोष होती. छायाचित्र निर्दोष." आणि सही. मला वाटले, एवढे पुरेसे आहे. लोक येतील, फिरून वाचतील, मला बोलावे लागणार नाही. मी दाराजवळ खुर्ची टाकून बसलो.

शांताबाई आल्या. कोण काय म्हणेल याचा विचार न करता आल्या. तो फोटो वाऱ्याने फिरत होता. त्यांनी तो धरला, पाठ वाचली आणि माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मास्तर, पाठ कायले दाखवता? तोंड दाखवा न. लोक जवस पाहाले आले. तुमचं अक्षर पाहून काय करतीन?"

त्यांनी दोरी सोडली. फोटो घेऊन भिंतीपाशी गेल्या आणि तुझ्या बारा फोटोंच्या मधल्या मोकळ्या खिळ्याला लावला. शेरा भिंतीकडे गेला. मी उभा राहिलो होतो, काही न करता. प्रायश्चित्तातही मी माझेच अक्षर पुढे केले होते, हे त्यांच्या एका वाक्याने कळले.

थोड्या वेळाने आपल्या मंडळातले एक सभासद फोटोसमोर थांबले. दोन वर्षांपूर्वी ज्या चौघांना मी 'कबूल केले' म्हणून सांगितले, त्यांच्यापैकीच एक. बाकीचे तिघेही जवळपास होते. त्या सभासदांनी चष्मा वर केला, फोटोला नाक लावले आणि माझ्याकडे पाहून विचारले, "काय मास्तर, जवस एवढा निळा असते काय?"

पेला समोर नव्हता. मी म्हणालो, "असतो. मला दिसत नव्हता. प्रल्हाद खरे सांगत होता, आणि त्याने काहीही कबूल केलेले नव्हते. ते मी रचले."

ते पुन्हा फोटोकडे वळले. बाकीचे तिघेही आले आणि चौघे मिळून बराच वेळ तुझे वावर पाहत उभे राहिले. अशी चार वाक्ये, प्रल्हाद. तू माझ्या डोळ्यावर अंगठा ठेवून महिनाभर त्यांची वाट पाहिलीस.

डाव्या डोळ्यासाठी अकोल्याला जायची तारीख मिळाली आहे. सोबत कोण येणार ते अजून ठरलेले नाही.